हाय का घरात?

दाजी, साताऱ्याला तुमच्या दारात पोचलो तेव्हा सवयीनं तोंड उघडलं होतं. तुम्ही सांगलीला माझ्या दारात उभे राहून जे ओरडायचात आणि मी तुमच्या दारात उभा राहून जे ओरडायचो, तेच ओठांवर आलं होतं, "हाय का घरात?" आत आक्का भिंतीला टेकून बसली होती. तुमची आई तिच्या शेजारी, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून. मी चपला काढल्या आणि मुकाट्यानं आत जाऊन बसलो. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, म्हणून जातानाही काही न बोलताच निघालो. तुमच्या घरात मी येताना आणि जाताना गप्प, असं आजवर कधी झालं नव्हतं.

खरं सांगतो, त्या दिवशी मला रडू आलं नाही. भीती वाटली. एसटीनं कराड मागं टाकलं तरी माझे हात गार पडलेले. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "बरं वाटंना व्हय?" मी म्हणालो, दाजी गेले. ती हळहळली, पिशवीतलं पाणी दिलं. तिला काय सांगू? बहिणीचा संसार अर्ध्यावर मोडलाय आणि भावाच्या डोळ्यांपुढं रक्तपेढीतलं मशीन आहे, ते बंद पडलं तर उठवणारा माणूस आता राहिला नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घुमतंय. माझी मलाच लाज वाटली. पण लाजेनं भीती हटत नाही. तुम्ही मला उगाच भागूबाई म्हणत नव्हता.

ही सगळी हकिकत तुम्हाला पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो. सांगितल्याशिवाय मला धीर येत नाही.

आमच्या सांगलीच्या रक्तपेढीला परदेशातल्या कुणीतरी वापरलेलं कॉम्प्युटरचं मशीन देणगी म्हणून धाडलं होतं. त्यात मी दात्यांची माहिती भरली. गावोगावच्या शिबिरांत रक्त दिलेली माणसं, त्यांचे गट, कुणाला कावीळ होऊन गेली, माणमधला कोण आता मुंबईला असतो आणि गावी कधी येतो. दुर्मिळ गटाची माणसं सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ऐनवेळी ती कुठं सापडतील, हे सगळं त्या एका डिस्कवर. आणि एक दिवस मशीनची मूळ सिस्टीम कोसळली. ती परत घालायच्या फ्लॉपी परदेशातच राहिलेल्या. डिस्क धडधाकट, पण तिच्यापर्यंत जायला वाट नाही. तुम्ही आलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "बॅकअप न्हाई घेतलास?"

घेतला होता हो. टेपवर घेतला होता. आणि टेप वाचायचं यंत्र मशीनच्या आतल्या त्याच जोडपट्टीला, त्याच कार्डाला जोडलेलं होतं, ज्या कार्डाला डिस्क.

तुम्ही इतके हसलात की डॉक्टर बाई त्यांच्या खोलीतून बघायला आल्या. "आरं भागूबाई, कुलूप घातलंस आन किल्ली आतच ठिवलीस की." सगळी पेढी तुम्हाला त्या हसण्यावरूनच ओळखते. मला मात्र तेव्हाही हसू आलं नव्हतं. मिरजेच्या दवाखान्यातून कुणाचा फोन येईल आणि मला 'माहिती मिळत नाही' म्हणावं लागेल, या धास्तीनं माझं जेवण सुटलं होतं.

तुम्ही फौजेत सिग्नलमध्ये होता, बिघडलेल्या यंत्राशी बोलायची तुम्हाला सवय. मासिकाबरोबर फुकट आलेली एक सीडी तुम्ही पिशवीतून काढलीत. लिनक्स. पैसे नाहीत, आणि आतलं सगळं लिखाण उघडं, ज्याला जमेल त्यानं बदलून घ्यावं. फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं, पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. डिस्क नाही. टेप नाही. त्या सिस्टीमला जगभरातली कार्डं ठाऊक होती, आमचं तेवढं ठाऊक नव्हतं. मी तिथल्या तिथं हाय खाल्ली. तुम्ही खुर्ची ओढून घेतलीत आणि मला पोरासारखं समजावलंत.

"ह्या मशीनमदी परतेक कार्डाचं एक घर असतंय. घराला नंबर. सिस्टीम दारात जाऊन हाक मारती, हाय का घरात? कार्ड म्हणतंय, हाय. झाली वळख. आता आपलं कार्ड घरातच बसलंय, पर त्याची बोली जरा निराळी हाय. ते ओ देतंय, हिला कळत न्हाई."

"मग?"

"मग हिला ती बोली शिकवायची."

"आणि हाक चुकीच्या दारात मारली तर?"

"तर दुसराच कोनतरी उठंल."

"उठून काय करेल?"

"ते ज्याच्या त्याच्या सोभावावर हाय," तुम्ही म्हणालात आणि चहा मागवलात.

त्या एका उत्तरानं माझी झोप घालवली. कारण तुम्ही थट्टा करत नव्हता. चुकीचं दार वाजलं तर मशीन जागच्या जागी गोठतं. कधी भलतंच कार्ड भलताच हुकूम समजून बसतं. आणि कधी डिस्कवर नको तिथं लिहिलं जातं. मी भरलेली माणसं एका फटक्यात पुसली जातील, हे तुम्ही मला लपवून ठेवलं नाहीत. लपवलं असतंत तर बरं झालं असतं, असं मी तेव्हा म्हणालो होतो. आज तसं म्हणणार नाही.

तुम्ही आपल्यासारख्याच दुसऱ्या एका कार्डाचं, त्याच्या चुलतभावाचं, लिखाण शोधून काढलंत आणि ते एकेका ओळीनं आपल्या कार्डाला लागू करायला घेतलंत. पुण्यातल्या ओळखीच्या माणसाकरवी परदेशातल्या जाणत्यांना विचारलंत. उत्तर आलं, असलं कार्ड आमच्याकडं नाही, तुम्हीच करून बघा आणि आम्हाला कळवा. मी वाचून घाबरलो. तुम्ही खूश. "बघ, आपल्यावर सोपवलं."

मग तो फोन. तुम्ही साताऱ्यात तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात, हातात कुठून तरी मिळवलेली कार्डाच्या माहितीची झेरॉक्स. मी सांगलीत मशीनपुढं, तुम्ही करून दिलेली फ्लॉपी घातलेली. सिस्टीमला कार्डाचं घर सांगायचं होतं. एसटीडीची खरखर, आणि तुमचा आवाज, "पत्त्यात तीनशे तीस टाक."

मी तीनशे तीस टाकलं.

ओळी धावल्या आणि थिजल्या. डिस्कचा दिवा लागला तो विझेना. आतून टक टक आवाज यायला लागला, कुणीतरी नखानं दार खरवडावं तसा. मी तुम्हाला फोनवर तो आवाज ऐकवला. पलीकडं तुम्ही हसला नाहीत, तेव्हा मला खरी धडकी भरली. मग म्हणालात, "बटन दाब." मी म्हणालो, दिवा चालू आहे, काही लिहीत असेल तर? "म्हणूनच दाब म्हणतूय न्हवं." मी डोळे मिटून दाबलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्या गाडीनं आलात. पडद्यावर शेवटी कुठला पत्ता दिसला, ते मी सांगितलं: एक, चार, ए. तुम्ही कपाळावर हात मारलात. मशीन सोळाच्या हिशेबानं मोजतं. तिथं ते तीन तीन शून्य आहे आणि त्याच्या आधी सोळाच्या हिशेबाची खूण घालावी लागते. खूण नसली की ते आपल्यासारखं दहाच्या हिशेबानं घेतं. मी साधं मराठी तीनशे तीस टाकलं आणि सिस्टीम निघाली तिसऱ्याच कुणाच्या दारात.

"तुला कळाय नगं? मशीनमदी कुठनं आलं तीनशे तीस?"

"तुम्ही तीनशे तीस म्हणालात. मी तीनशे तीस टाकलं."

"आरं पर बोलताना मानूस तसंच बोलतंय."

"आणि टाकणारा ऐकेल तसंच टाकतो."

हे भांडण आपण किती वेळा भांडलो असू? आक्काच्या स्वयंपाकघरात, लोणंदच्या लग्नात पंगतीला शेजारी बसून, शिरवळला गाडी पंक्चर झाली तेव्हा रस्त्याच्या कडेला. आक्का म्हणायची, "नातवंडांच्या बारशात बी तीनशे तीसच काढशीला दोघं." मी आजही सांगतो, चूक तुमची होती.

पण त्या सकाळची एक गोष्ट आपण भांडणात कधी काढली नाही. मशीन पुन्हा सुरू करायचं होतं, डिस्क वाचली की गेली ते कळणार होतं. तुम्ही बटणापर्यंत हात नेलात आणि तो थांबला. तुमच्या वरच्या ओठावर घाम होता. सरहद्दीवर राहून आलेला माणूस, आणि त्याला एका रक्तपेढीच्या मशीनची भीती वाटत होती. मी बघतोय हे तुमच्या लक्षात आलं. तुम्ही म्हणालात, "भ्या वाटतंय तर वाटू दे. हात चालू ठिवायचा." ते मला म्हणालात की स्वतःला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

डिस्क वाचली होती. आणि पुढच्या काही खेपांत, खूण घालून, बोली शिकवून, तुम्ही त्या कार्डाला बोलतं केलंत. पडद्यावर रोमन अक्षरांत एक ओळ आली, 'हाय का घरात', आणि तिच्याखाली दुसरी, 'हाय'. त्याखाली डिस्क दिसली. टेप दिसली. माझी माणसं जागच्या जागी होती. मी तुमच्या पाया पडलो, आणि तुम्ही "आरं, लोकं बघत्यात" म्हणत मला उठवलंत.

मग लगेच नवा वाद. मी म्हणालो, दाजी, इथं सरकारी तपासणी होते, 'कार्ड सापडले' असं काही नीट लिहा. निदान 'आहे' तरी लिहा. तुम्ही म्हणालात, "इंग्रजीत लिवलं म्हणून कार्ड काय लवकर उठतंय व्हय? माझी आई दहिवडीला दारात कोन आलं तर काय म्हणती? हाय. ती म्हणती ते ह्याला चालंल." तुमचं लिखाण बघून परदेशातल्या एकानं विचारलंही, तुमचं कार्ड गवताबद्दल का बोलतंय? त्यांच्या भाषेत 'हाय'च्या रोमन अक्षरांचा, एच-ए-वायचा, अर्थ वाळलेलं गवत. तुम्ही ते पत्र गावी नेऊन आईला वाचून दाखवलंत. ती म्हणाली, "त्याला म्हनावं, मान तालुक्यात गवत असतं तर काय पायजे हुतं."

दाजी, आता खरी भीती सांगतो.

ते कार्ड म्हातारं होत चाललं होतं. सुरुवातीला पहिल्या हाकेला ओ द्यायचं. मग दुसऱ्या हाकेला द्यायला लागलं. तुम्ही लिखाणात तीन हाका घातल्या होत्या, मध्ये थोडं थांबून. तिसरीलाही उत्तर नाही आलं की 'न्हाई' असं लिहून सिस्टीम पुढं निघून जायची. गेल्या खेपेला आपण मशीन बंद करून चालू केलं तेव्हा ते तिसऱ्या हाकेला बोललं. मी तुमचा दंड धरला होता. मी म्हणालो, हाका वाढवा. चार करा, दहा करा. तुम्ही ऐकलं नाहीत.

"तीनच. फौजेत बी तीनदाच कॉल दितात. तवर बोलला न्हाई तर समजायचं, तिकडं कोन न्हाई. मग हिकडनं बोंबलून काय उपेग?"

"तुमचं काय जातंय एक हाक जास्त घालायला?"

"जातंय की. हाका वाढवत बसलास तर नवं कार्ड कवा शोधनार? तू आपला आशेवर बसशील." मग हसून म्हणालात, "लय भित्रा हायस गड्या."

मला राग आला होता. मी म्हणालो, तुम्हाला भीती कळतच नाही. त्या घामाची आठवण असून म्हणालो. तुम्ही दुपारभर मशीनपुढं बसलात आणि जाताना नवी फ्लॉपी हातात दिलीत. "हीच लाव हितनं फुडं. जुनी टाकून दे." जिन्यात एकदा थांबलात. मी म्हणालो, दम लागला का? तुम्ही म्हणालात, "उन्हाचं." आपलं शेवटचं बोलणं ते. उन्हाचं. यावर मी काय लिहू?

तुमचं दहावं करून परतलो आणि दोन दिवसांनी नोटीस आली. आमच्या भागातली डीपी बदलणार, दिवसभर लाईट नाही. फ्रिजना जनरेटर आहे. पण जनरेटरवर मशीन लावायचं नाही अशी तुमचीच सक्त ताकीद. म्हणजे सकाळी बंद करायचं आणि संध्याकाळी चालू. एवढंच. शाळेतलं पोर करेल असं काम.

आदल्या दिवशी तुमचं लिखाण उघडलं. म्हटलं, आपणच हाका वाढवाव्यात. पहिल्याच ओळीत तुमचं नाव, आणि त्याखाली गाव, तालुका माण. पुढं वाचवेना. शिवाय मी एक अक्षर हलवलं आणि सगळंच बिघडलं तर? फाईल मिटली. नावं कागदावर छापून घ्यावीत म्हटलं, तर प्रिंटर निम्म्यात रुसला. जेवढी छापली तेवढी उशाशी घेऊन झोपलो. तुम्ही असतात तर हसला असतात.

सकाळी मशीन बंद केलं. पंखा थांबला आणि खोली एकदम मोठी झाली. दिवसभर मी त्या खोलीत गेलो नाही. डॉक्टर बाईंनी विचारलं, "होईल ना चालू?" मी "होईल की" म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. मिरजेहून दुपारीच निरोप आला होता. एका बाळंतिणीला दुर्मिळ गटाचं रक्त लागण्याची शक्यता आहे, संध्याकाळपर्यंत कळवतो. छापलेल्या कागदांत तो गट नव्हता. मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा चाळून बघितले.

संध्याकाळी लाईट आली. फ्लॉपी घातली. बाई माझ्या मागं उभ्या. माझा हात बटणापाशी थांबला, दाजी, अगदी तुमचा थांबला होता तसा. भ्या वाटतंय तर वाटू दे. मी दाबलं.

ओळी धावल्या. मग तुमची ओळ.

'हाय का घरात'.

काही नाही. डिस्कचा दिवा विझलेला.

'हाय का घरात'.

काही नाही. बाईंनी विचारलं, "एवढा वेळ लागतो का?"

'हाय का घरात'.

तिसरी हाक. मी दिव्याकडं बघत होतो, पडद्याकडं बघायची हिंमत नव्हती. दिवा लागला नाही. मी मनात मोजत राहिलो, मग मोजायचंही थांबलो. दाजी गेले, आक्का तशी बसलेली, आणि आता हेही गेलं, एवढंच कळलं. त्या बाळंतिणीचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, पण तीच डोळ्यांपुढं आली. आता 'न्हाई' येणार. वर बघावंच लागणार होतं, म्हणून बघितलं.

'न्हाई' आलं नव्हतं. तिथं लिहिलं होतं, 'भागूबाईसाठी अजून एकदा'.

आणि त्याखाली, 'हाय का घरात'.

दिवा लागला.

'हाय'.

डिस्क आली. टेप आली. त्या गटाचा माणूस मला लगेच सापडला, विट्याजवळचा. बाईंनी तिथल्या तिथं फोन लावला आणि तो निघाला. मिरजेची बाळंतीण आणि बाळ दोघं बरी आहेत. हे मी आक्काला कळवलंय, आणि तुमच्या त्या चौथ्या हाकेचंही. ती फोनवर बराच वेळ रडली. मग म्हणाली, "तुला न सांगता केलं व्हय त्यांनी? मला बी कवा काय सांगून करायचं न्हाईत."

त्या संध्याकाळी बाईंनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "हे भागूबाई कोण?" मी म्हणालो, घरचं आहे. आणि मग मला रडू आलं, तिथं खुर्चीतच, इतक्या दिवसांचं. त्या शहाण्या बाई. त्यांनी दार ओढून घेतलं.

भीती गेली असं समजू नका. कार्ड पाचवी हाक मागेल तेव्हा काय, हा प्रश्न आहेच. तुम्ही आशेवर बसू नको म्हणालात, म्हणून मी माझी माणसं दुसऱ्या मशीनवर हलवायला घेतलीत. भीती वाटते, पण हात चालू ठेवलेत.

हाकांचा वाद मी जिंकलो असं धरतो, कारण तुम्ही मुकाट्यानं माझं ऐकलंत. तीनशे तीसचं मात्र मी सोडणार नाही. नातवंडांच्या बारशाला आक्का जेवायला वाढेल तेव्हा मी ते काढणार आहे, आणि तुमच्या बाजूनं कोण बोलतंय ते बघणार आहे. कुणी बोललं नाही, तर तुमच्या बाजूनंही मीच बोलेन.